आभाळात चाललेली ती लाइटीची माळ नेमकी काय होती?

परवा संध्याकाळी सात वाजून चार-पाच मिनिटं झाली असतील, तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, खानापूर तालुक्यात गावाकडं असतात, मी बेळगावात नोकरीला. सुगीचे दिवस, भाताची मळणी अर्ध्यावर आलेली, त्यामुळं मला वाटलं मशीन बंद पडलं असणार नाहीतर पोती कमी पडली असणार. पण तात्या एकदम दबक्या आवाजात, "अरे बाहेर ये आधी, बाहेर येऊन वर बघ, आभाळात लाइटीची माळ चाललीया."

मी चप्पल न घालताच स्लॅबवर पळालो, मागनं माझी पोरगी, पाचवीत आहे ती. आणि खरंच होतं. गोव्याच्या बाजूनं एक सरळ रांग वर चढत होती, पांढऱ्या ठिपक्यांची, सगळे एकाच वेगानं, एकामागं एक, आणि आवाज म्हणाल तर काहीच नाही. पोरगी बोटानं मोजत होती, बावीसपर्यंत गेली आणि गोंधळली. रांग डोक्यावरनं पुढं गोकाकच्या बाजूला झुकली आणि तिथं पहिला ठिपका विझला, मग त्याच जागेवर आल्यावर दुसरा विझला, त्याच जागेवर तिसरा. फोन चालूच होता. तात्या म्हणाले, "बघितलंस? कोणतरी बटणं बंद करत चाललंय."

पाच मिनिटांत गावचा व्हॉट्सॲप ग्रुप भरून गेला. कुणी म्हणालं ड्रोन, चोर टेहळणी करायला सोडतात ते. कुणी म्हणालं मिसाईल, कारण आपल्याकडं कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्री, सांबऱ्याला एअरफोर्स, आणि २०२५ च्या मे महिन्यातल्या त्या ड्रोनच्या बातम्या अजून लोकांच्या डोक्यातनं गेलेल्या नाहीत. एकानं परग्रहावरनं कोण आलंय म्हणून लिहिलं. आमच्या शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अक्का गॅलरीतनं म्हणाल्या, "कोळ्ळी देव्वा असंल का हो?" म्हणजे तोंडात पेटता कोलीत धरून फिरणारं भूत. रात्री दोन-तीन घरांनी पोरांना बाहेर झोपायला दिलं नाही, खळ्यावर राखणीला जाणारी माणसं काठ्या घेऊन गेली.

भीती वाटणं साहजिक आहे. पण ही गोष्ट समजून घेतली तर भीती जाते आणि त्या जागी जे येतं ते खूपच भारी आहे, म्हणून हे सगळं सावकाश लिहितोय.

पहिली गोष्ट, ते ऊन होतं

त्या रांगेत एक पण बल्ब नव्हता. तुम्ही जे बघितलं ते सूर्याचं ऊन होतं, सूर्य मावळल्यावर तासाभरानं दिसलेलं ऊन.

हे कसं ते बघायचं असेल तर एखाद्या संध्याकाळी येळ्ळूरच्या शिवारात उभं राहा. सूर्य टेकला की तुमच्या पायाखालचं ऊन जातं, बांध, झाडं, घरं सावलीत जातात. पण वर राजहंसगडाकडं बघितलं तर तटावर आणि महाराजांच्या पुतळ्यावर अजून पिवळं ऊन असतं, कारण तो उंचावर आहे, तिथनं सूर्य अजून दिसतोय. त्याच वेळी आणखी वर बगळ्यांची रांग घराकडं चाललेली असते, ते बगळे खालनं चमकताना दिसतात. बगळ्याच्या पोटाला कुणी लाइट लावलेली नसते, तो उंच आहे म्हणून त्याला ऊन लागतंय, एवढंच. आता बगळा जर ५०० किलोमीटर वर असता तर त्याला ऊन किती वेळ लागलं असतं? त्या माळेचं सगळं उत्तर ह्या प्रश्नात आहे.

मग वर होतं काय?

उपग्रह. म्हणजे माणसानं बनवून पृथ्वीभोवती फिरायला सोडलेलं यंत्र. ज्या वाटेनं ते फिरतं तिला कक्षा म्हणतात. एवढे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी चालतंय.

ही माळ बहुतेक वेळा स्टारलिंकची असते. अमेरिकेतली स्पेसएक्स कंपनी हे उपग्रह सोडते, जमिनीवर कुठंही इंटरनेट मिळावं म्हणून. २०१९ च्या मे महिन्यात एकाच रॉकेटमधनं ६० सोडले तेव्हा जगभर लोकांनी पहिल्यांदा अशी माळ बघितली आणि जगभर लोक आपल्यासारखेच घाबरले. २०२१ च्या डिसेंबरात पंजाबात पठाणकोटला दिसली तेव्हा तिथं पण हीच चर्चा. आता असे सात हजारांपेक्षा जास्त उपग्रह वर फिरतायत.

ते किती उंचावर असतात? कामाच्या कक्षेत साधारण ५५० किलोमीटर. बेळगाव ते बेंगळूर रस्त्यानं जेवढं अंतर, तेवढाच किंवा थोडा जास्त रस्ता सरळ वर उभा केला तर तिथं. आणि वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर. बेळगावातनं खानापूरला आपण एसटीनं पाऊण तास घालवतो, ह्यांना चार सेकंद पण लागत नाहीत. निपाणी दहा सेकंद. तरी ते आपल्याला संथ दिसतात कारण लांब आहेत, जसं लांबच्या रुळावरनं चाललेली रेल्वे हळू वाटते आणि जवळनं गेली की कानात वारं घुसतं.

"पण एका ओळीतच कसे? कुणीतरी मुद्दाम लावल्यासारखे?"

हा प्रश्न तात्यांनी लगेच विचारला आणि बरोबर विचारला.

एका रॉकेटमधनं वीस-पंचवीस उपग्रह एकदमच सोडतात, साधारण ३०० किलोमीटर उंचीवर. साखर कारखान्याच्या गेटातनं रिकामे ट्रॅक्टर एकामागं एक सुटले की पहिल्या फाट्यापर्यंत ते रांगेतच असतात, तसं. सगळे एकाच वाटेवर, एकाच वेगात, तर रांग होणारच. पुढं प्रत्येक उपग्रह आपल्या छोट्या इंजिननं हळूहळू वर चढतो, हे इंजिन वायूचा बारीक झोत मागं सोडत उपग्रहाला ढकलतं, जोर फार कमी पण आठवडेच्या आठवडे चालू. त्यातनं जो आधी वर जातो तो मागं पडतो.

वर गेला की मागं का पडतो? जुन्या पद्धतीची मळणी ज्यांनी बघितली त्यांना चट्कन कळेल. तिवड्याला बैल जुंपले की तिवड्याजवळच्या बैलाला छोटा फेरा, बाहेरच्याला मोठा फेरा. इथं तर खालच्या कक्षेतल्या उपग्रहाचा फेरा छोटा असतोच, शिवाय पृथ्वी त्याला जवळनं जास्त ओढते म्हणून त्याला पळावं पण जास्त लागतं. ३०० किलोमीटरवर एक फेरी सव्वानव्वद मिनिटांच्या आसपास होते, ५५० वर पंचाण्णव. रोज पंधरा-सोळा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला पाच मिनिटांचा फरक, म्हणजे कोण पुढं कोण मागं असं करत माळ काही दिवसांत सुटते, मणी विखुरतात. म्हणून माळ ठळक दिसते ती सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. नंतर तेच उपग्रह एकेकटे फिरतात, मंद असतात, आपलं लक्ष जात नाही.

अजून एक खूण. ही माळ बहुतेक पश्चिमेच्या अंगानं येऊन पूर्वेच्या अंगाला जाते. बेळगावातनं बघितलं तर गोव्याच्या बाजूनं येऊन गोकाकच्या बाजूला, नाहीतर अंबोलीच्या बाजूनं येऊन धारवाडच्या बाजूला. पृथ्वी पूर्वेकडं फिरते, तो वेग फुकटचा मिळतो म्हणून रॉकेट शक्यतो पूर्वेकडं झुकवूनच सोडतात.

"बटण बंद केल्यासारखं विझलं त्याचं काय?"

मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही.

पृथ्वीला सावली आहे. आपण ज्याला रात्र म्हणतो ती दुसरं काही नाही, आपण त्या सावलीत शिरलेलो असतो. सूर्य पश्चिमेला बुडला की ही सावली पूर्वेकडनं वर यायला लागते. आकाश मोकळं असेल तर मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पूर्वेला क्षितिजावर एक निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी पट्टा, तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली हवेवर पडलेली. रोज दिसते, आपण बघत नाही.

ही सावली किती वेगानं वर चढते त्याचा हिशेब करता येतो. आपल्या भागात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं डोक्यावर ४०-५० किलोमीटरपर्यंत सावली पोचलेली असते. तासाभरानं २०० च्या आसपास. दीड तासानं ४०० च्या वर. म्हणजे परवा सात वाजता, सहा-सव्वासहाला सूर्य गेलेला, तेव्हा ३०० किलोमीटरवरचे उपग्रह आपल्या डोक्यावर असताना उन्हात होते. पण गोकाकच्या बाजूला, पूर्वेकडं, सावली आणखी उंच चढलेली होती. तिथं त्या सावलीच्या काठावर पहिला उपग्रह पोचला आणि विझला. दुसरा त्याच काठावर आला आणि विझला. वर कुणी बटण दाबत नव्हतं, आपण उभ्याउभ्या पृथ्वीची सावली कुठं संपते ती रेष बघत होतो. माझ्या पोरीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तिकडं आता रात्र झाली का? हो, त्या उपग्रहांची रात्र झाली. आणि पुढं पाऊण तासाच्या आत त्यांची सकाळ पण झाली असणार.

म्हणून मध्यरात्री बारा वाजता अशी माळ दिसत नाही. उपग्रह तेव्हा पण डोक्यावरनं जातातच, पण तेव्हा ते पण सावलीत आणि आपण पण सावलीत. दिसण्याची वेळ म्हणजे सूर्य मावळल्यावर दीड-दोन तास आणि उगवायच्या आधी तेवढेच. पहाटे दिसली तर उलटं बघायला मिळतं, अंधारातनं एकेक ठिपका अचानक पेटत येतो.

"मी बघितलेलं एकच होतं, आणि खूप मोठं"

मग पहिला प्रश्न, हलत होतं का?

हलत होतं, संथ, लुकलुक न करता, पाच-सहा मिनिटांत आभाळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, तर ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असण्याची शक्यता जास्त. साधारण ४०० किलोमीटर उंचीवर, टोकापासून टोकापर्यंत १०९ मीटर, म्हणजे कबड्डीची आठ मैदानं लांबीला जोडली तर जेवढं होईल तेवढं, आणि त्यात माणसं राहतात, २००० च्या नोव्हेंबरपासून एक दिवस पण ते रिकामं राहिलेलं नाही. आपले शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत तिथं १८ दिवस होते. आमच्याकडं तेव्हा आर्द्राचा पाऊस, खानापूर-कणकुंबीकडं तर सूर्य पण दिसत नव्हता, तर बघता आलं नाही ह्याची मला अजून हळहळ आहे.

हलत नव्हतं, एकाच जागी लखलखत होतं, संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, तर तो शुक्र. जगभरात "गूढ प्रकाश" म्हणून ज्याची वारंवार तक्रार जाते तो बिचारा शुक्र. आपल्या आज्ज्या ह्याला शुक्राची चांदणी म्हणून ओळखायच्या, पहाटे ती वर आली की जात्यावर बसायच्या, त्यांना कुणी फसवू शकलं नसतं. शुक्रावर दाट पांढरे ढग आहेत, त्याच्यावर पडणाऱ्या उन्हातलं पाऊण ऊन तो परत फेकतो, म्हणून सूर्य-चंद्रानंतर आभाळात तोच सगळ्यात तेजस्वी. पण तो सूर्यापासून फार लांब कधी जात नाही, त्यामुळं रात्री बाराला डोक्यावर मोठी चांदणी दिसली तर शुक्र नव्हे, तो बहुतेक गुरू.

"ते माझ्या गाडीबरोबर येत होतं, मागं-पुढं होत होतं"

असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं दिसलेलं असतं. जांबोटीच्या रस्त्यानं रात्री मोटरसायकलवर चाललाय, जवळची झाडं मागं पळतायत आणि चंद्र मात्र बरोबर येतोय, हे लहानपणी सगळ्यांनी बघितलंय. लांबची वस्तू मागं पडत नाही म्हणून ती बरोबर आल्यासारखी वाटते. शुक्राचं तेच होतं, फक्त चंद्राला आपण ओळखतो आणि शुक्राला ओळखत नाही.

आणि काळ्या अंधारात एकाच ठिपक्याकडं टक लावून बघितलं की तो ठिपका सरकायला लागतो. आपला डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो, आजूबाजूला तुलना करायला काही नसलं की मेंदूला वाटतं ठिपकाच हलतोय. विमान चालवणाऱ्यांना हे मुद्दाम शिकवतात कारण ह्यानं अपघात होऊ शकतात. ह्याला उपाय एकदम सोपा, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं आणि तो ठिपका नारळाच्या झावळीच्या नाहीतर तारेच्या टोकाशी धरायचा. पाच मिनिटं तिथल्या तिथंच राहिला तर तो हलत नव्हता.

रंग बदलणारा असेल तर थंडीच्या दिवसांत रात्री नऊच्या पुढं आग्नेयेला बघा, तिथं व्याध असतो. तीन ताऱ्यांची ती सरळ ओळ असते ना, तिकांडं, ती रेष खाली वाढवली की व्याध. हा क्षितिजाजवळ असताना लाल, हिरवा, निळा असा भडाभडा रंग बदलतो. त्याचा प्रकाश आपल्याकडं येताना जाड हवेतनं येतो, आणि ती हवा गरम-गार होऊन सारखी हलत असते. चुलीच्या जाळावरनं पलीकडची भिंत बघितली की ती थरथरते, तेच. ग्रह मात्र फारसे लुकलुकत नाहीत, कारण ते जवळ आहेत, दुर्बिणीतनं त्यांची थाळी दिसते, आणि थाळीच्या सगळ्या भागांची थरथर एकमेकीत मिसळून जाते.

मोबाईलचा व्हिडिओ तर पुरावा म्हणून धरूच नका. आमच्या ग्रुपवर एकानं शुक्राला झूम केलं आणि त्याची गोल तबकडी आली, कडेला जाळीसारखी नक्षी. मी त्याच्यासमोर रस्त्यावरच्या खांबाच्या लाइटीला लांबनं तसंच झूम केलं, तिथं पण तबकडी आली. मोबाईलचा फोकस अंधारात चुकतो आणि चुकला की कुठलाही ठिपका तबकडी होतो, ती नक्षी लेन्सची असते.

ड्रोन आणि विमान ओळखायचं कसं

विमानाची लाइट लुकलुकते. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवी, शिवाय पांढरी झटके देणारी. सांबऱ्याला उतरणारं विमान समोरनं येत असेल तर त्याची लँडिंग लाइट दोन-तीन मिनिटं एकाच जागी थांबल्यासारखी दिसते, मग अचानक वळते, त्यानं पण लोक फसतात.

साधा ड्रोन बॅटरीवर अर्धा तास टिकला तर खूप झालं. जवळ असेल तर त्याची माशीसारखी घूं ऐकू येते. आणि वीस-पंचवीस ड्रोन समान अंतरावर सरळ रेषेत उडवून चोराला काय मिळणार, ह्याचा विचार राखणीला बसणाऱ्या पोरांनी जरूर करावा. खरंच एखादा ड्रोन घरावर घिरट्या घालत असेल तर पोलिसांना सांगायचं, पण अंधारात रस्त्यानं चाललेल्या परक्या माणसाला अडवून मारायला धावायचं नाही. गुऱ्हाळावर काम करणारा, ऊसतोडीला आलेला, पावसाळ्यात बॅटरी घेऊन खेकडी धरायला निघालेला, हे सगळे आपलेच लोक असतात. शिवारात जमिनीलगत हलणारी लाइट बहुतेक त्यांचीच असते, अक्कांना पण मी हेच सांगितलं.

जळत जाणारं काहीतरी दिसलं तर?

हे वेगळं. इथं मात्र खरंच काहीतरी जळत असतं.

सेकंद-दोन सेकंदांत सर्रकन रेघ ओढून गेलं, तर उल्का. आपण म्हणतो तारा तुटला. तारा बिरा काही तुटत नाही, बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा, फार तर हरभऱ्याएवढा खडा असतो, पण सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर एवढ्या वेगानं हवेत घुसतो, आणि साधारण १०० किलोमीटर उंचीवरच पेटून संपतो. १३-१४ डिसेंबरच्या रात्री ह्या भरपूर दिसतात, आणि आपल्याकडं तेव्हा आभाळ स्वच्छ असतं.

सावकाश, अर्धा-एक मिनिट, तुकडे होत होत, दोन-तीन जळत्या रेषा एकमेकींच्या बरोबरीनं चाललेल्या, तर तो बहुतेक जुन्या रॉकेटचा नाहीतर उपग्रहाचा खाली येणारा भाग. २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, २ एप्रिलला, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातमधे कितीतरी लोकांनी हे बघितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात तर धातूचं भलं मोठं कडं येऊन पडलं, माणूस आरपार जाईल एवढं. ते चिनी रॉकेटचं, चांग चेंग ३बी चं, असं अभ्यासकांनी कक्षेचा हिशेब करून सांगितलं.

"मग आमच्या डोक्यावर पडलं तर?" पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाणी आहे, उरलेल्यात रान, वाळवंट, बर्फ, त्यामुळं नेमकं माणसावर पडण्याची शक्यता फार फार कमी. स्टारलिंकचे उपग्रह खाली येताना वरच जळून जावेत असे बनवलेत असं कंपनी सांगते. पण कधी शिवारात असलं काही पडलंच तर हात लावायचा नाही, भंगारात द्यायला उचलायचं नाही. काही टाक्यांत हायड्रॅझिन नावाचं अतिशय विषारी इंधन असतं. लांबनं फोटो काढून पोलिसांना नाहीतर तहसीलदार ऑफिसला कळवायचं.

आणि कधी दिवसाउजेडी पण डोळे दिपतील असा गोळा आभाळातनं गेला, तर खिडकीशी जाऊन उभं राहू नका. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कला २० मीटरचा दगड तीस किलोमीटर उंचीवर फुटला. लोक उजेड बघून खिडकीत आले, आणि दोन-अडीच मिनिटांनी धक्का पोचला, कारण आवाज उजेडाच्या मागनं येतो. काचा फुटून दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. ढग चमकला आणि गडगडाट मागनं आला हे आपण दर वळवाला बघतो, इथं फक्त अंतर मोठं.

मिसाईल म्हणणाऱ्यांना पण उत्तर द्यायला पाहिजे, कारण तसं पण होतं. १५ डिसेंबर २०२२ ला ओडिशाच्या किनाऱ्यावरनं अग्नी-५ ची चाचणी झाली, संध्याकाळची वेळ, आणि पश्चिम बंगालमधे लोकांना आभाळात उजळ पंखा पसरल्यासारखं दिसलं. खाली अंधार, वर त्याच्या धुराला ऊन. परत तेच ऊन. २००९ ला ९ डिसेंबरला नॉर्वेत निळसर पांढरा अख्खा भोवरा फिरताना दिसला, ते रशियाचं बुलावा मिसाईल बिघडून गरगरत होतं. अशा गोष्टी पंखा, धूर, भोवरा अशा दिसतात, सुट्या मण्यांची माळ दिसत नाही.

"सरकार लपवत असेल तर?"

स्टारलिंकच्या बाबतीत लपवण्यासारखं काही नाही, कारण कुठला उपग्रह कुठनं कधी जाणार ह्याची माहिती सगळ्यांना उघड आहे. हेवन्स अबव्ह नावाच्या वेबसाइटवर आपल्या गावाचं नाव टाकलं की आज संध्याकाळी किती वाजता, कुठल्या दिशेनं, किती उंचीवरनं काय जाणार ते मिनिटासकट येतं. परवाची माळ पण मी नंतर तिथंच शोधली, वेळ जुळली, दिशा जुळली. तात्यांना मोबाईलवर दाखवलं तर ते बराच वेळ ती यादी बघत बसले, म्हणाले, "एसटीचं टायमटेबल असतंय तसं हाय की."

ह्यानं आपलं काय होतं?

दोन बाजू आहेत आणि मला दोन्ही खऱ्या वाटतात.

कणकुंबी, चोर्ला, भीमगडच्या रानातल्या वस्त्या, तिथं आजही रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की माणूस अडकतो आणि फोन लागत नाही. आभाळातनं इंटरनेट आलं तर अशा जागी त्याचा उपयोग होईल, स्टारलिंकला भारतात २०२५ मधे लायसन्स मिळालंय. परवडेल का ते वेगळं.

दुसरी बाजू अशी, की दुर्बिणीतनं आभाळाचे फोटो काढणाऱ्यांच्या फोटोवर ह्या उपग्रहांच्या पांढऱ्या रेघा उमटतात. लांबच्या आकाशगंगेचा मंद उजेड दहा-दहा मिनिटं गोळा करायचा आणि मधनंच रेघ. सूर्याच्या बाजूनं पृथ्वीकडं येणारा एखादा दगड वेळेत सापडायला पाहिजे तर संध्याकाळ-पहाटेचंच आभाळ तपासावं लागतं, नेमकं तेव्हाच हे सगळ्यात जास्त चमकतात. तक्रारी झाल्यावर कंपनीनं २०२० मधे एका उपग्रहाला काळा लेप लावून बघितला, मग ऊन अडवणारी झडप लावून बघितली, चमक थोडी कमी झाली, पण संख्या वाढतच चाललीय आणि दुसऱ्या कंपन्या, दुसरे देश पण रांगेत आहेत.

मला स्वतःला ह्यात वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. आमच्या आज्जीला सप्तर्षी नाव माहीत नव्हतं, ती त्याला बाजलं म्हणायची, चार खूर आणि मागं तीन चोर. तिला पहाट किती राहिली ते बाजल्यावरनं कळायचं. आमच्या पिढीनं घरावर, खांबावर, कमानीवर एवढ्या लाइटी लावल्या की बेळगावात बाजलं धड दिसत नाही, आणि वर बघायची सवयच गेली म्हणून शुक्र दिसला तरी आम्ही दचकतो. उपग्रहांच्या आधी हे आपणच करून ठेवलंय.

पुढच्या वेळी दिसलं तर

व्हिडिओ काढायच्या आधी घड्याळ बघा. किती वाजता, कुठल्या बाजूनं कुठल्या बाजूला, लुकलुकत होतं का, आवाज होता का, किती वेळ दिसलं, विझलं तर कुठं विझलं. एवढं सांगितलंत तर दहातल्या नऊ वेळा पाच मिनिटांत नाव सांगता येतंय, आणि नुसतं "लय मोठी लाइट होती" एवढं सांगितलं तर कुणालाच काही सांगता येत नाही. दिशा म्हणताना पूर्व-पश्चिम जमत नसेल तर गावं सांगा, डोंगर सांगा.

काल रविवारी गावाकडं गेलो होतो. मळणी संपलीय, खळ्यावर नुसता भुसा. सोप्यात कॅलेंडरच्या खाली दोरीनं पेन्सिल बांधलेली होती, आधी तिथं दुधाचा हिशेब असायचा. त्या दिवसाच्या चौकोनात तात्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय, ७ वा. ५ मि., गोव्याकडनं, आवाज नाही, गोकाकच्या अंगाला विझले. आणि खालच्या आठवड्यात एका चौकोनात, पहाटे ५॥, पूर्वेला एकच, हलत नाही, झावळीला धरून बघितलं.